एकशे ऐंशी बाय पन्नास

१८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जुन्या मारुतीतून किंवा सुमोतून टेप ओढून बाहेर काढला की डॅशबोर्डमध्ये जी आयताकृती खोबण उरते, तिच्यात बसणाऱ्या डब्याचं हे माप. जर्मनीच्या मानक संस्थेनं ते कागदावर बांधलं (डीआयएन ७५४९०), १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक झालं (आयएसओ ७७३६), आणि त्यानंतर जवळजवळ पंचवीस-तीस वर्षं जगात एका कंपनीचा टेप दुसऱ्या कंपनीच्या पुष्कळशा गाड्यांत बसत होता. आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातल्या कितीतरी घरांची चूल या एका खोबणीवर पेटली असं मी म्हटलं, तर तुम्ही हसाल. पण मंडळी, सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी हसू नये. आपलीही चूल कुणीतरी ठरवून दिलेल्या इंटरफेसवरच पेटते.

या वेळी दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा डाबकी रोडवरच्या एका ओळखीच्या कारागिराशी बराच वेळ गप्पा झाल्या. वय साठीच्या घरात, आयुष्य गाड्यांची वायरिंग करण्यात गेलेलं. त्यांचं एक वाक्य डोक्यात बसलं. "भाऊ, नव्या गाडीत भोकच नाही राह्यलं, तं मंग आम्ही भरावं काय?" पुण्याला परत येताना महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये रात्रभर हेच डोक्यात. हे भोक आलं कुठून, गेलं कुठं आणि ते गेल्यामुळं नक्की कुणाचं काय गेलं? मराठीत यावर कुणी सविस्तर लिहिलेलं मला दिसलं नाही. म्हणून हा वीकान्त त्यात घातला.

तर सुरुवात अमेरिकेपासून करावी लागेल, इलाज नाही.

आपला समज असा असतो की गाडीत रेडिओ आधी कंपनीनं दिला आणि मग हौशी लोकांनी त्यात भर घातली. प्रत्यक्षात उलट आहे. गाडीतला आवाज हा मुळात बाहेरून बसवलेलाच माल होता! १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन या उद्योजकानं आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी घेऊन तो अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाला गेला. आत स्टॉल नव्हता, म्हणून गाडी बाहेर उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. ऑर्डरी मिळाल्या. मोटर आणि त्या काळच्या 'व्हिक्ट्रोला' ग्रामोफोनमधला 'ओला' जोडून त्यानं मालाला नाव दिलं मोटोरोला. पुढे कंपनीचंच नाव ते झालं. मोबाईलवाली मोटोरोला, तीच ही.

हे काम तांत्रिकदृष्ट्या किती अवघड होतं ते बघा. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. रेडिओत व्हॉल्व्ह, आणि त्यांना चालायला शंभर-दोनशे व्होल्ट हवेत. सुरुवातीला गाडीच्या फळीखाली वेगळ्या मोठ्या बॅटऱ्या ठेवायचे, त्या संपल्या की बदलायच्या. मग व्हायब्रेटर आला. म्हणजे एक छोटी कंप पावणारी पट्टी, जी बॅटरीचा करंट सेकंदाला शंभरेक वेळा तोडते-जोडते, मग तो ट्रान्सफॉर्मरनं वाढवायचा आणि पुन्हा सरळ करायचा. आमच्या पिढीच्या वऱ्हाडी पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लोडशेडिंगच्या काळात घरोघरी जिन्याखाली घोंघावणारा इन्व्हर्टर म्हणजे याचाच नातू. त्यात इंजिनाच्या स्पार्क प्लगची खरखर रेडिओत यायची, तिच्यासाठी वेगळी तजवीज. एरियलसाठी गाडीचं छत उसवायचं. हे सगळं करायला दोन माणसं आणि काही दिवस लागत. गॅल्व्हिननं कर्ज मिळावं म्हणून एका बँकवाल्याच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीनं पेट घेतला, असा एक किस्सा सांगतात. खरा असो-नसो, वायर कापून केलेल्या फिटिंगनं गाडी पेटते ही भीती तेव्हापासूनची आहे, आणि आजही शोरूमवाले तीच दाखवतात.

ड्रायव्हरचं लक्ष विचलित होतं म्हणून तिकडं काही ठिकाणी गाडीतल्या रेडिओवर बंदी घालण्याचे प्रस्तावही आले होते. नव्वद वर्षांनी आपण मोबाईलबद्दल तेच बोलतोय.

गाडी कंपन्या शहाण्या होऊन यात उतरल्या तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काय केली? कुलूप लावलं. १९५६ च्या मॉडेलमध्ये क्रायस्लरनं चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला, 'हायवे हाय-फाय' नावाचा. रेकॉर्ड मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेरे फिरणारी, फक्त कोलंबियाची आणि तीही फक्त या प्लेअरसाठी काढलेली. घरातली रेकॉर्ड गाडीत चालणार नाही, गाडीतली घरात चालणार नाही. दोन-तीन वर्षांत प्रकरण आटोपलं. याउलट फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली आणि थोड्याच काळात तिचं तंत्र इतर कंपन्यांना फुकट वापरू दिलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. उघडं मानक जिंकलं. (आपल्या धंद्यात हे वाक्य म्हटलं की टाळ्या पडतात, पण थांबा, गोष्ट इथं संपत नाही.)

आता आपल्याकडं येऊ.

आपल्याकडं रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं, पोस्टात पैसे भरून दरवर्षी नवं करायचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही भानगड होती. शिवाय ऐकणार काय? १९५२ नंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी मंत्री माहिती खात्यात बसले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. माणूस शास्त्रीय संगीताचा खरा जाणकार, पण जनता रेडिओ सिलोन लावून बसली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. आमच्या भागात तोवर १९४८ साली सुरू झालेलं नागपूर केंद्र होतं. पण हे सगळं घरातल्या रेडिओचं. गाडीच मुळात कुणाकडं होती? फियाट नाहीतर अॅम्बेसेडर. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसानं उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाट बनवायची, तिचंच सत्तरीत 'प्रीमियर पद्मिनी' झालं. ही गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. ती घरी आली की लोक गाडीलाच हार घालायचे, वर टेप कसला मागता?

ज्यांना हवा असायचा ते मुंबई गाठायचे. लॅमिंग्टन रोडला सुटे भाग, आणि 'बाहेरचा माल' हवा असेल तर मनीष मार्केट. आयातीवर इतकी बंधनं आणि इतका कर होता की जपानी कार स्टीरिओ बहुतेक वेळा कुणाच्या तरी बॅगेतून आखातातून यायचा. आणि आला की चोरीला जायचा! म्हणून जगभर तेव्हा टेपला हँडल असायचं. गाडी लावली की अख्खा टेप ओढून काढायचा आणि टिफिनसारखा हातात धरून फिरायचं. नंतर फक्त पुढची पट्टी काढता येऊ लागली.

१४ डिसेंबर १९८३. दिल्लीच्या हरपाल सिंग यांना इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. या तारखेला आपण गाड्यांच्या इतिहासात मोजतोच, पण माझ्या मते ती ध्वनीच्या इतिहासातही मोजायला हवी. कारण मारुती स्वस्त होती, भरपूर होती आणि तिच्यात टेप नव्हता. म्हणजे प्रत्येक विकली गेलेली मारुती ही एका कारागिराची ऑर्डर होती. त्याच सुमारास कॅसेटचा सुळसुळाट सुरू झाला, टी-सिरीजवाल्या गुलशन कुमारांनी कॅसेट पानटपरीपर्यंत पोचवली, आणि पुढच्याच वर्षी, १९८४ ला, तो १८० बाय ५० चा आकडा आंतरराष्ट्रीय झाला. स्वस्त गाडी, स्वस्त कॅसेट आणि ठरलेलं माप. तीन गोष्टी दोन वर्षांत एकत्र आल्या.

मापाबरोबर हळूहळू वायरींचे रंगही ठरत गेले, आणि मला ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावरची, काळी अर्थ. पांढऱ्या जोडीचा पुढचा डावा स्पीकर, करड्या जोडीचा पुढचा उजवा, हिरव्या-जांभळ्या मागच्या. निळी एरियलची, निळ्यावर पांढरा पट्टा असेल तर अॅम्प्लिफायर चालू करण्याची. जपानी डबा असो, कोरियन असो, नाहीतर दिल्लीत स्टिकर चिकटवलेला असो. इंग्रजी न येणारा, दहावी नापास झालेला पोरगा हे रंग आठ दिवसांत शिकायचा आणि त्यावर आयुष्यभर पोट भरायचा. मॅन्युअलची गरज नाही. आम्ही चार वर्षं इंजिनिअरिंग करून इतकं स्वच्छ डॉक्युमेंटेशन एकदाही लिहिलं नाही.

जुन्या शहराचा भूगोल न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. मोर्णा नदीच्या एका अंगाला स्टेशन, ताजनापेठ, कचेऱ्या. दुसऱ्या अंगाला असदगड, वेशी, राजराजेश्वराचं मंदिर आणि चिंचोळ्या गल्ल्या, म्हणजे जुनं शहर. इथल्या गल्ल्यांत कार शिरत नाही, पण कारचे कारागीर इथूनच निघतात. आणि वऱ्हाडात या कारागिरांचं मोठं गिऱ्हाईक मारुतीवाला डॉक्टर कधीच नव्हता. ते गिऱ्हाईक म्हणजे काळीपिवळी.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी टॅक्सी समजू नये. आमच्याकडं काळीपिवळी म्हणजे तालुक्याच्या गावाला जाणारी महिंद्रा कमांडर, ट्रॅक्स नाहीतर सुमो. नऊ माणसांच्या जागेत सोळा. एसटीपेक्षा ती लवकर भरते का, यावर धंदा. आणि ती भरण्याचं एक साधन म्हणजे टेप. बाळापूर, बार्शीटाकळी, तेल्हारा, कुठल्याही स्टँडवर चार गाड्या उभ्या असतील तर ज्या गाडीत 'सिस्टीम' चांगली, तिकडं कॉलेजची पोरं वळणार. मग बाकीची आपोआप. म्हणजे काळीपिवळीवाल्यासाठी टेप ही हौस नव्हती, भांडवली गुंतवणूक होती. गाणी कुठली? सकाळी भक्तिगीतं, प्रल्हाद शिंदे, एप्रिलमध्ये भीमगीतं, लग्नसराईत हिंदी. आणि आपल्या विठ्ठल वाघांचं काळ्या मातीचं गाणं, १९८१ च्या 'अरे संसार संसार' मधलं, ते तर बारमाही. अकोल्याच्या कवीचं गाणं अकोल्याच्या रस्त्यावर वाजताना ऐकलंय, यापेक्षा जास्त काय सांगू.

या गाड्यांमध्ये ब्रँडेड अॅम्प्लिफायर परवडत नसे. तिथं एक आकडा धावून यायचा, ४४४०. जपानच्या सान्यो कंपनीची एलए ४४४० ही आयसी. एका ओळीत चौदा पाय, दोन चॅनेलला सहा-सहा वॅट, आणि दोन्ही चॅनेल ब्रिज केले तर एकोणीस वॅट. बाजूला दहा-बारा कपॅसिटर आणि रेझिस्टर, मागं अॅल्युमिनियमचा तुकडा उष्णतेसाठी, संपलं. बारा व्होल्टवर चालते म्हणजे गाडीची बॅटरी थेट जोडा. भारतभर बाजारांत तिचे तयार बोर्ड मिळायचे, अजूनही मिळतात. जुन्या शहरातली पोरं पंधराव्या वर्षी ४४४० जोडायला शिकायची. मीही अकरावीत एक जोडला होता, आणि सर्किट थिअरीच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात नंतर जे काही कळलं त्यातलं निम्मं त्याच्यामुळं. ज्यांनी कॉलेज केलं नाही त्यांनी त्यावर दुकान टाकलं. फरक एवढाच.

उन्हाबद्दल लिहिल्याशिवाय अकोल्यावरचा कुठलाही लेख पूर्ण होत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं आमच्याकडं बातमी नाही. २०२४ च्या मे महिन्यात तर उन्हापायी जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं होतं. अशा उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की हात ठेववत नाही. कॅसेट वाकायच्या, फीत आकसून गाणं लहरायला लागायचं. स्पीकरच्या कागदी शंकूची कड तडकायची. जपानी कंपनीनं टोकियोत बसून केलेलं डिझाइन इथं टिकायचं नाही, आणि मग कारागीर आपली अक्कल चालवायचा. अॅम्प्लिफायर सीटखाली सरकवा, डिक्कीत उभा ठेवा, मागं कॉम्प्युटरचा पंखा लावा. गाडी कंपनीला ज्या हवामानाचा विचार करायचा नव्हता तो हा करत होता.

आता थोडी आकडेमोड, कारण त्याशिवाय या धंद्यातली फसवाफसवी कळायची नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं '५० वॅट × ४'. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. ब्रिज जोडणीत चार ओहमच्या स्पीकरला या व्होल्टेजवर आदर्श स्थितीतसुद्धा सव्वीसेक वॅटच्या पुढं शुद्ध आवाज देता येत नाही, आणि प्रत्यक्षात अठरा ते वीस. आकडेमोड नको असेल तर टेपच्या मागचा फ्यूज बघा. दहा अॅम्पिअरचा असतो. चौदा गुणिले दहा, एकशे चाळीस वॅट आत जातात, मग दोनशे बाहेर कुठून येणार? त्यातही २००० च्या दशकातलं ते पीएमपीओ आठवतं का? खोक्यावर '४००० वॅट पीएमपीओ', आत तीच बिचारी ४४४०. शिवाय कानाचं गणित वेगळंच आहे. पॉवर दुप्पट केली तर फक्त तीन डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला पॉवर दहापट लागते. म्हणजे वीसवरून चाळीस वॅटवर गेलात तर बायकोलाही कळणार नाही. (ज्यांना बायको आहे त्यांच्या.)

मग आवाज खरा सुधारतो कशानं? पेटीनं. मारुती ८०० मध्ये मागच्या काचेखाली तो सहा बाय नऊ इंची ओव्हल स्पीकर बसवायची आपल्याकडं प्रथा होती. स्पीकरचा शंकू पुढं ढकलतो तेव्हा मागं हवा ओढतो. पुढची आणि मागची लाट एकमेकींत मिसळली की खर्ज कापला जातो. मारुतीचा मागचा ट्रे पातळ आणि सैल, त्यामुळं लाटा सहज मिसळायच्या. अनुभवी कारागीर त्याऐवजी जाड प्लायवूड कापून घट्ट बसवायचा, वर रेक्झिन, कडांना फोम. अख्खी डिक्की मग पेटीचं काम करायची. त्याच स्पीकरमधून अचानक ढोलकी ऐकू यायला लागायची. ही सुताराची अक्कल, वॅटची नाही. माझ्या माहितीतले दोन उत्तम कार-ऑडिओवाले मुळात सुतारकाम करणारे आहेत, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

याच हातांनी पुढं काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर नुसतं गुणगान होईल. ४४४० शिकलेली पोरं मोठे अॅम्प्लिफायर शिकली, टेम्पोत भिंतीएवढे स्पीकर रचायला शिकली आणि डीजे झाली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, तो अकोल्याचा सगळ्यात मोठा दिवस. त्याशिवाय गणपती, जयंत्या, जुलूस, लग्नं, सगळ्यांचीच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली रात्री दहानंतरच्या आवाजावर कडक निकाल दिला. गल्ली दहा फुटांची, दोन्ही बाजूंना भिंती, मधे टेम्पो. ५५ ची गोष्टच सोडा. डीजे चालवणाऱ्या पोरांशी बोलताना आपल्याला आवाज चढवावा लागतो, कारण त्यांना ऐकू कमी येतं. पंचविशीतली पोरं आहेत ही. त्यांच्या कानांचं काय करायचं यावर कुठलाच पक्ष बोलत नाही.

असो. मूळ खोबणीकडं.

ती बुजायला सुरुवात झाली ती खूप आधी, आणि मजा म्हणजे चांगल्या हेतूनं. अमर बोस हे बंगाली बापाचे अमेरिकन प्राध्यापक. त्यांच्या कंपनीनं जनरल मोटर्सच्या डेल्को विभागाबरोबर १९८३ च्या कॅडिलॅक वगैरे मॉडेलांसाठी पहिल्यांदा त्या-त्या गाडीच्या केबिनचा अभ्यास करून ध्वनियंत्रणा बनवली. कुठली सीट किती आवाज शोषते, काच किती परतवते, सगळं मोजून. कल्पना उत्तमच. गाडी हे ऐकण्यासाठी वाईट ठिकाण आहे, तर त्या ठिकाणानुसार यंत्रणा जुळवा. पण यात स्पीकरचा रोध नेहमीचा चार ओहम न ठेवता फार कमी ठेवलेला, आणि अॅम्प्लिफायर स्पीकरपाशीच. त्यामुळं एक भाग बदलायचा म्हटलं की अख्खी साखळी बदला. उघड्या मापाच्या खोबणीत बंद यंत्रणा शिरली ती अशी.

नंतर गाडीतल्या सगळ्या डब्यांना एकमेकांशी बोलायला कॅन बस आली. बॉशनं ती १९८६ साली मांडली. दोन वायरींवर अख्खी गाडी गप्पा मारते. वायरिंगचं वजन कमी झालं, बिघाड शोधणं सोपं झालं, वाईट काहीच नाही. फक्त टेपही त्या गप्पांत सामील झाला. जनरल मोटर्सच्या २००० च्या दशकातल्या काही गाड्यांत 'किल्ली आत राहिली' ही टिंग-टिंगसुद्धा रेडिओतून यायची. लोकांनी हौसेनं रेडिओ बदलला आणि गाडी मुकी झाली! मग त्या टिंग-टिंगसाठी वेगळा डबा विकणारे निघाले. बाजारपेठ कुणासाठी थांबत नाही.

आपल्याकडं हे सावकाश आलं. १९९८ ची इंडिका आणि सँट्रो, २००० ची क्वालिस, या सगळ्या कारागिराच्या दृष्टीनं अजून 'भोकवाल्या' गाड्या होत्या. २००५ च्या स्विफ्टपासून डॅशबोर्डच्या आकारातच साच्यात घातलेले टेप सर्रास दिसू लागले. मग टचस्क्रीन. आता त्या पडद्यात मागचा कॅमेरा आहे, काही गाड्यांत एसी आहे, स्टिअरिंगवरची बटणं आहेत, गाडीच्या सेटिंग्ज आहेत. १ जुलै २०१९ पासून रिव्हर्स सेन्सर, सीट बेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा नव्या गाड्यांत सक्तीचे झाले. हे सगळं गुंतलेलं असताना 'टेप काढून दुसरा लावा' या वाक्याला अर्थच उरत नाही. आणि आवाज? कंपनीच देते आता. हरमनचा कारखाना आपल्या चाकणलाच आहे. मधल्या मॉडेलपासून वर बरा असतो, नाकारण्यात अर्थ नाही. खालच्या मॉडेलमध्ये मात्र तेच पातळ कागदी स्पीकर, वर चकचकीत पडदा.

म्हणून आताचा खेळ बदलण्याचा नाही, जोडण्याचा आहे. कंपनीचा पडदा जिथल्या तिथं ठेवायचा आणि त्याच्या मागून आवाज चोरून घ्यायचा. स्पीकरकडं जाणाऱ्या वायरीतून सिग्नल काढायचा, तो 'हाय-टू-लो' नावाच्या डबीतून बारीक करायचा आणि वेगळ्या अॅम्प्लिफायरला द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण कंपनीनं आपले स्वस्त स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढवला की खर्ज हळूच कापण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये केलेली असते. तुम्ही डिक्कीत बारा इंची वूफर लावलात, आणि व्हॉल्यूम वाढवताच खर्ज गायब! पोरं अॅम्प्लिफायर बदलतात, वूफर बदलतात, दुकानदाराशी भांडतात. दोष कुठंच नसतो, तो कोडमध्ये लिहिलेला निर्णय असतो. त्यावर इलाज म्हणजे डीएसपी, जो कापलेला सिग्नल मोजून पुन्हा सपाट करतो. त्यासाठी लॅपटॉप लागतो, माइक लागतो, आलेख वाचता यावा लागतो.

इथं डाबकी रोडवरचे काका मागं पडतात. कानानं ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जुळवतात. दारावर बोटं वाजवून आत डॅम्पिंग कुठं कमी आहे ते सांगतात. पण आलेख त्यांना वाचता येत नाही, आणि ते शिकवायला अकोल्यात कुणी बसलेलं नाही. त्यांचा पुतण्या यूट्यूब बघून शिकतोय, आणि भराभर शिकतोय. काका मात्र आता बहुतेक सीट कव्हर आणि सन फिल्मवर आलेत.

दुसरी अडचण वॉरंटीची. वायर कापली की शोरूमवाला हात वर करतो, मग बिघाड वायपरचा असला तरी. यावर बाजारानं शोधलेला उपाय म्हणजे 'कपलर टू कपलर'. कंपनीच्या प्लगमध्ये अगदी तसाच प्लग खुपसायचा, मधून फाटा काढायचा, एकही वायर कापायची नाही. उद्या काढून टाकलं तर खूण राहत नाही. पण प्रत्येक गाडीचा प्लग वेगळा. १८० बाय ५० च्या जमान्यात एक डबा शंभर गाड्यांना चालायचा, आता शंभर गाड्यांना शंभर प्लग आणि ते सगळे चीनहून येतात. दुकानात किती पैसे अडकवायचे? मोठ्या शहरातला दुकानदार अडकवू शकतो. जुन्या शहरातला मागवतो, आठ दिवस थांबतो आणि तेवढ्यात गिऱ्हाईक नागपूरला जाऊन काम करून येतं.

आपल्या सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि गाड्या या चार क्षेत्रांसाठी. त्यात स्वाभाविकच बोलणं आहे ते दुरुस्तीचं, सुटे भाग आणि मॅन्युअल मिळण्याचं. आपली वस्तू मोडलेली नसतानाही तिच्यात भर घालण्याचा हक्क असतो का, हा प्रश्न त्यात बसत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सनं २०२३ साली जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत फोन पडद्यावर आणणारी कारप्ले-अँड्रॉइड ऑटोची सोय देणार नाही, सगळं आमचंच वापरा. मला हे वाचून १९५६ ची ती सोळा फेऱ्यांची रेकॉर्ड आठवली. तेव्हा लोकांनी ते झुगारून दिलं.

मी स्वतः ऑटोमोटिव्ह क्षेत्रात नाही, पण माझे निम्मे मित्र हिंजवडीत बसून गाड्यांच्या याच पडद्यांचं सॉफ्टवेअर लिहितात. त्यातल्या एकाला विचारलं, बाहेरच्या अॅम्प्लिफायरसाठी एक सेटिंग का देत नाही तुम्ही लोक? खर्ज न कापता सपाट सिग्नल द्यायचा, बाकी काही नको. तो म्हणाला, कोडमध्ये ते असतं रे, टेस्टिंगला लागतं आम्हाला. मेनूत दाखवायचं नाही एवढीच रिक्वायरमेंट असते.

काकांना फोन करून हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मंग तुह्या दोस्ताले म्हणा, गुपचूप दाबाचं बटन तरी सांग."